बुधवारचं पाणी

थेंबेकाकांचं खरं आडनाव काय, हे विचारायचं मला बावीस वर्षांत सुचलं नाही. माझं दुकान साफसफाईच्या रसायनांचं. पुढे फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, आणि मागच्या खोलीत स्विमिंग पूलचा माल. ते पहिल्यांदा आले तेव्हा तपासणीची नवी बाटली खरी की खोटी ते बघायला काउंटरवरच नळी मांडून बसले. एकेक थेंब टाकायचा, नळी हलवायची, ओठांत पुटपुटत मोजायचं. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली. मी म्हटलं, "अहो थेंबे, आटपा आता!" गिऱ्हाइकं हसली, तेही हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझ्या सासरचेही सांगतील.

लोकांच्या घरच्या तलावांचं पाणी राखणं हा त्यांचा धंदा. पूर्वी ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. शाळा बंद पडली, पण प्रयोगशाळा काही त्यांच्या अंगातून गेली नाही. सहा-सात घरं होती, प्रत्येक घराचा वार ठरलेला. गेल्या गेल्या आधी गाळणीच्या टोपलीतला कचरा काढायचा, मग कोपरभर खोलीवरचं पाणी बाटलीत घ्यायचं, मग वही. वहीत रकाने आखलेले: तारीख, पीएच, क्षारता, मोकळं क्लोरीन, अडकलेलं क्लोरीन. आणि शेवटचा रकाना होता 'कारण'. हा त्यांचा स्वतःचा शोध. पीएच चढला तर का चढला, क्लोरीन उतरलं तर कोणामुळे, ते लिहायचंच. 'नातवंडं आली होती.' 'कुत्रा पडला.' 'माळ्याने खत उडवलं.' कारण सापडलं नाही तर 'कळलं नाही' असं स्वच्छ लिहायचे. खोटा आकडा त्या माणसाने आयुष्यात लिहिला नाही, आणि त्याबद्दल त्यांना जरा तोराही होता.

आता थोडं पाण्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. तलावात क्लोरीन दोन तऱ्हांनी असतं. एक मोकळं, म्हणजे कामाला तयार. दुसरं अडकलेलं, म्हणजे माणसाच्या घामाला, कातडीला भिडलं आणि तिथेच अडकून बसलं. नळीत पावडर टाकली की पाणी गुलाबी होतं. मग एका बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, रंग उडेपर्यंत. जितके थेंब, तितकं मोकळं. पाणी नितळ झालं की दुसऱ्या बाटलीतलं औषध घालायचं. पाणी तसंच राहिलं तर उत्तम. पुन्हा गुलाबी झालं, तर समजायचं की या पाण्यात कोणीतरी उतरलं होतं.

आणि स्विमिंग पूलचा म्हणून जो वास आपल्या नाकात बसलेला असतो ना, तो क्लोरीनचा नसतोच. तो ह्या अडकलेल्याचा. ज्या नीट राखलेल्या तलावात कोणी उतरत नाही, त्याला वास जवळजवळ येतच नाही. मीसुद्धा इतकी वर्षं माल विकून हे त्यांच्याकडूनच शिकले.

बुधवारचं घर सर्व्हेअरसाहेबांचं. नवरा-बायको दोघंच. घराच्या मागच्या अंगाला काचेच्या छपराखाली लहानसा तलाव, शेजारी एक वेताची खुर्ची, आणि तलावावर उघडणारी स्वयंपाकघराची खिडकी. साहेबांनी जन्मभर जमिनी मोजल्या होत्या, त्यामुळे पोहायचेही मोजून. रोज सकाळी बत्तीस फेऱ्या, एक कमी नाही की एक जास्त नाही. बाईंना पोहता येत नव्हतं. त्या खिडकीतून लक्ष ठेवायच्या आणि फेरी चुकली तर सांगायच्या. थेंबेकाकांच्या वहीत त्या घराचं अडकलेलं क्लोरीन वर्षानुवर्षं ०.६ असायचं आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'साहेब'. मग क्लोरीनच्या पावडरचा जोरकस डोस टाकून ते अडकलेलं तोडायचं. दुसऱ्या दिवसापासून साहेब परत पाण्यात.

साहेब गेले ते झोपेत गेले. पाण्याचा त्यात काही दोष नव्हता.

पुढच्या बुधवारी काकांनी नेहमीसारखा डोस टाकला. त्याच्या पुढच्या बुधवारी अडकलेलं शून्य आलं. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाण्याला वास का येत नाही हो?"

काका खूश झाले. "बाई, म्हणजे पाणी एकदम फर्स्टक्लास आहे. शून्य! असं पाणी शोधून सापडायचं नाही."

बाईंनी मान हलवली आणि आत गेल्या. हे मला सांगताना काका पुढे कितीतरी वेळा म्हणाले, "ताई, तेव्हाच माझ्या थोबाडीत मारायला हवी होती कोणीतरी."

त्यानंतर दोन बुधवार गेले आणि आकडा पुन्हा ०.६ आला.

काका दुकानात आले ते फणकारूनच. "ताई, तुमच्या बाटल्या शिळ्या आहेत." माझ्या मालाला नाव ठेवलेलं मला खपत नाही. मी नवी बाटली फोडली, तारीख दाखवली आणि चार गोष्टी सुनावल्या. पुढच्या बुधवारी नव्या बाटलीनेही ०.६ आलं. त्याच्या पुढच्या बुधवारी तेच. दर वेळी ते डोस टाकून शून्यावर आणायचे, आणि आठवड्याने आकडा परत तिथेच. वहीत 'कळलं नाही', 'कळलं नाही', 'कळलं नाही'.

मग एक दिवस ते माझ्या पावडरच्या पिंपावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तिथे कोणीतरी पोहतंय."

"कोण पोहणार? बाई?"

"बाईंना येत नाही. शिवाय चक्कर येते त्यांना, दोनदा पडल्या आहेत. घरात दुसरं कोणी नाही. आणि आकडा बघा ना. साहेबांचाच आकडा आहे."

"काका, तुम्ही विज्ञानाची माणसं," मी म्हटलं, "भुतं पोहायला लागली तर माझा खप वाढेल, बरंच आहे." ते हसले नाहीत. मीही तोंडाने बोलले खरी, पण अंगावर काटा आला होता. गिऱ्हाइकाला ॲसिडऐवजी फिनेल दिलं त्या दिवशी.

ही नुसती भुताची गोष्ट असती तर बरं होतं. बाईंची लेक दुसऱ्या शहरात असायची. दर बुधवारी वहीच्या पानाचा फोटो तिला पाठवायचा, असं तिनेच ठरवून दिलं होतं. बाप गेल्यावर तिने आईला बजावलं होतं आणि काकांनाही: "आईने पाण्यात पाऊल जरी टाकलं, तरी मी तलाव बुजवून टाकीन, घराला कुलूप घालीन आणि तिला माझ्याकडे नेईन." पोर वाईट नव्हती, घाबरलेली होती. आई एकटी, चक्कर येणारी, आणि मागे गळ्याइतकं पाणी. कोणीही हेच म्हटलं असतं. बाईंना मात्र ते घर सोडायचं म्हणजे जीव सोडण्यासारखं होतं. आणि आता लेक दर आठवड्याला फोन करून विचारायला लागली होती, "काका, कारण का कळत नाही?"

एका बुधवारी काका दुकानात आले आणि त्यांनी काउंटरवर एक बटण ठेवलं. शर्टाचं पांढरं बटण, चार भोकांचं. "गाळणीच्या टोपलीत सापडलं. सोबत सुताचे धागे." आम्ही दोघं त्या बटणाकडे बघत बसलो. साहेब शर्ट घालून पोहत नव्हते, एवढं तरी मला ठाऊक होतं.

पुढच्या बुधवारी ते दहाऐवजी आठलाच गेले.

बाई पाण्यात होत्या. तिसऱ्या पायरीवर, कमरेइतक्या पाण्यात, दोन्ही हातांनी कठडा धरून. अंगात साहेबांचा जाड टॉवेलचा झगा, पाणी पिऊन दगडासारखा जड झालेला. काठावर ओल्या कपड्यांचा ढीग होता, सगळ्यांचे रंग उडालेले.

"बाई! आधी बाहेर या."

"ओरडू नका, थेंबे. पडेन मी."

काका पायरीच्या तोंडाशी उकिडवे बसले. पुढे हात करायची हिंमत होईना, कारण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. तीस वर्षं तलाव राखणारा हा माणूस स्वतः कधी पाण्यात उतरला नव्हता. पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीती होती ती वेगळीच. कोणी विचारलं तर म्हणायचे, "डॉक्टर काय पेशंटच्या अंगावर झोपतो का?"

"कपडे संपले," बाई म्हणाल्या.

"कसले कपडे?"

"ह्यांचे. न धुतलेले. टोपलीत शर्ट होते, बनियन होते. ते झाल्यावर उशीचे अभ्रे, स्वेटर, टोपी. रोज एक बुडवून ठेवायची. एक-दोन दिवसांत वास परत आला, ह्यांच्या केसांना यायचा तोच. मी खुर्ची टाकून बसायची. मग बुधवार यायचा, तुम्ही यायचात, आणि पावडर टाकून ह्यांना पुसून जायचात. दर बुधवारी. मी खिडकीतून बघायची." त्यांनी काठावरच्या ढिगाकडे बघितलं. "आता घालायला माझ्याशिवाय काही उरलं नाही."

 सकाळ होती, काचेतून छान ऊन येत होतं, आणि काकांना त्या पाण्याची कधी वाटली नव्हती इतकी भीती वाटली. ते म्हणाले, "बाई, वहीत खोटं नाही लिहिता येणार मला. तुमची लेक..."

"लिहा ना. लिहा, बाई उतरल्या. आणि न्या म्हणावं मला."

मग काकांच्या तोंडून जे खरं होतं ते निघून गेलं. खरं बोलायची खोड, दुसरं काय. "बाई, पाण्याला सगळ्यांचा घाम सारखाच असतो. तो वास साहेबांचा नव्हता हो. माणसाचा होता. कोणाचाही असता."

बोलल्याबरोबर त्यांनी जीभ चावली.  पंपाचा आवाज तेवढा येत होता. मग बाईंनी कठड्यावरचा एक हात सोडून पुढे केला.

"मग मला वर घ्या," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही उतरा."

काका उतरले. शर्ट, पँट, खिशात किल्ल्या, सगळ्यासकट. उथळ बाजूला भिंत धरून, छातीइतक्या पाण्यात, डोळे गच्च मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि परत फिरायचं. बाई कोरडी शाल पांघरून वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते आणि फेऱ्या मोजत होत्या. बत्तीस झाल्यावर म्हणाल्या, "पुरे."

त्या दिवशी वहीत लिहिलं गेलं: अडकलेलं ०.८. कारण: मी. डोस टाकला नाही.

हे सगळं मला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात येऊन आधी इकडे-तिकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, पोहायची चड्डी कुठे मिळते?" साठी उलटलेला माणूस! मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी सांगितलं आणि माझं हसू तिथल्या तिथे आटलं. पण स्वभाव जात नाही, मी करवादलेच. "तुम्हाला काय गरज होती नसती उठाठेव करायची? उद्या बुडलात म्हणजे? लेकीला सांगून मोकळं व्हायचं."

ते पिंपाचं झाकण बोटाने पुसत बसले. म्हणाले, "माझी बायको गेली तेव्हा चौथ्या दिवशी मी घरातलं सगळं धुतलं. साड्या, चादरी, उशा, पडदे. इस्त्री केली आणि देऊन टाकलं. मला टापटीप लागते, तुम्हाला माहीतच आहे. पाचव्या दिवशी कपाट उघडलं तर आत नुसता साबणाचा वास. त्या कपाटात मी अजून नाक घालतो, ताई. वीस वर्षं झाली." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मला वाटलं होतं की स्वच्छ केलं म्हणजे झालं."

त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं. घरी गेले तर ह्यांचा सदरा खुंटीवर होता, धुवायला टाकायचा राहिलेला. तो तसाच राहू दिला.

चड्डी मिळाली ती भडक निळी, वर पिवळे मासे. बाईंना ती बघून म्हणे साहेब गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. तेव्हापासून दर बुधवारी आणि मधे एकदा शनिवारी काका पाण्यात उतरून बत्तीस फेऱ्या मारायचे, चालत. बाई खुर्चीत, डोळे मिटून. बाईंनी पुन्हा पायरीला पाऊल लावलं नाही. तसं त्यांनी कबूल केलं होतं आणि शब्द पाळला. डोसही ते बेतानेच द्यायचे, पाणी बिघडणार नाही पण पुसलंही जाणार नाही इतकाच. लेकीने 'कारण: मी' वाचून पहिल्यांदा फोनवर चांगलंच झापलं. "तुम्ही आमच्या तलावात आंघोळ करता?" बाईंनीच फोन घेतला. "मी सांगितलंय त्यांना. गुडघ्यांना बरं पडतं." काकांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. पण ती थाप बाईंची होती, वहीत नव्हती.

अशी चार वर्षं गेली. काका पोहायला शिकले नाहीत. पाण्याची भीतीही गेली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दर वेळी वाटतं कोणीतरी मागून चालतंय. मी वळून बघत नाही. बाईंसाठी कोणी चालत असेल तर असू दे."

बाई याच वर्षी गेल्या. घरात, त्याच वेताच्या खुर्चीत. तेव्हा काका पाण्यात होते. बत्तीस झाल्या तरी 'पुरे' आलं नाही, म्हणून त्यांनी डोळे उघडले.

त्यानंतर महिनाभर ते कुठल्याच घरी गेले नाहीत. मग एका मंगळवारी बाईंची लेक माझ्या दुकानात आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. काका पिंपावर बसलेले होते. ती म्हणाली, "काका, मी तीन आठवडे झाले, घर आवरतेय. तलाव बुजवायचा आहे. पाणी सोडायच्या आधी त्यातलं क्लोरीन शून्य करावं लागतं म्हणतात. उद्या याल?" काका नुसतं हो म्हणाले. त्यांची अवस्था बघून मी दुकान ह्यांच्यावर सोपवलं आणि बुधवारी पिशवी उचलून त्यांच्याबरोबर गेले. इतकी वर्षं ऐकलेला तलाव मला एकदा बघायचाही होता.

तलाव माझ्या कल्पनेपेक्षा लहान होता. खुर्ची तिथेच होती. दार उघडल्याबरोबर नाकात तो वास शिरला आणि मी काकांकडे बघितलं. त्यांनाही तो आला होता.

लेक दाराशी उभी राहून म्हणाली, "एक विचारू, काका? बाबा गेल्यानंतर मी जेव्हा जेव्हा आईकडे यायचे, तेव्हा या घरात मला बाबांचा वास यायचा. त्यांच्या ओल्या केसांचा. मला वाटायचं, मला भास व्हायला लागलेत. आईला कधी बोलले नाही, ती घाबरेल म्हणून."

 काकांनी कोपरभर हात पाण्यात घालून बाटली भरली. नळीत पावडर टाकली, पाणी गुलाबी झालं. ते ओठांत मोजत थेंब टाकत गेले, रंग उडाला. मग त्यांनी दुसऱ्या बाटलीतलं औषध घातलं. महिनाभर त्या पाण्यात ते उतरले नव्हते. बाई नव्हत्या, साहेब नव्हते. पाणी आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू परत गुलाबी झालं.

"किती?" लेकीने विचारलं.

"०.६."

"म्हणजे काय?"

काकांनी वर बघितलं, मीही बघितलं. तिच्या केसांची टोकं ओली होती. खुर्चीच्या पाठीवर तिचा टॉवेल वाळत टाकलेला होता. तिने आमची नजर ओळखली आणि मान खाली घातली, चोरी पकडलेल्या लहान मुलीसारखी. आईला पाण्यात पाऊल टाकू नको म्हणणारी ती पोर तिथे ओल्या केसांनी उभी होती, आणि मला तिला उगीचच जवळ घ्यावंसं वाटलं.

"घरात मी एकटीच असते," ती म्हणाली.

काकांनी पावडरची पिशवी उघडलीच नाही. ती माझ्या हातात परत दिली. क्लोरीन शून्य करायचं औषधही बाहेर काढलं नाही. गुडघ्यावर वही ठेवली, तारीख घातली, पीएच लिहिला, क्षारता लिहिली. अडकलेलं: ०.६. शेवटच्या रकान्यापाशी पेन जरासं थांबलं. लेक त्यांच्या हाताकडे बघत होती.

मग त्यांनी सावकाश, स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'कळलं नाही.' आणि वही तिला फोटो काढायला पुढे केली.